नववीच्या पोरीला आठवीचा रायटर

...अन् ऊन तरी कसलं म्हनता त्या दिवशी! मार्च संपत आलेला, आनि खाडीकडनं येनारा वारासुद्धा कुनीतरी तापल्या तव्यावरनं फुंकल्यासारखा. आभाळ पांढरंफटक, समोरच्या टॉवरच्या काचा डोळ्यात घुसतायत, आनि मी, घनसोली गावातला पंढरी, शाळेच्या गेटाबाहेर उभा. आत माझी नात मनस्वी. नववीचा भूगोल, वार्षिक परीक्षेचा पहिलाच पेपर. वॉचमन म्हनतो, "बाबा, उन्हात कशाला? पालकांसाठी सोय आहे ना!" सोय म्हंजे काय, तर एक मोठी छत्री. छत्रीखाली खुर्ची. आनि खुर्चीवर कोन? वॉचमन!

तुमाला सांगतो, त्या शाळेत सगळ्याची सोय हाय. मी एक दिवस शाळेत गेलेला मानूस नाय, मिठागरात पाय भाजले, आता दोन खोल्या भाड्यानं देऊन ओट्यावर बसतो, मला शाळेतलं काय कळनार? पन 'सोय' हा शब्द आता झोपेतसुद्धा आयकू येतो.

मनूचं काय हाय, तर तिला वाचता येत नाय. म्हंजे डोळे चांगले, डोकं तर असं की आज सांगा, वर्षानं विचारा, जसंच्या तसं सांगंल. पन पुस्तक उघडलं की अक्षरं जागेवर राहत नायत. म्हनते, "आजा, ती कोलंबीसारखी उडतात." डॉक्टरनीनं त्याला लांबलचक नाव दिलं, ते माझ्या तोंडात मावत नाय, आनि एक सर्टिफिकेट दिलं. त्यापायी मुंबईच्या हॉस्पिटलात किती खेपा झाल्या... नका विचारू. पोरगा दिपेश द्रोनागिरीला गोदामात, सून सानपाड्याला हापिसात, मग उरलं कोन? मीच की!

सर्टिफिकेट घेऊन शाळेत गेलो. तिथं अशा पोरांसाठी क्षिप्रा मॅडम, बोलनं इतकं गोड की चहात साखर नको. "आजोबा, अजिबात टेन्शन घेऊ नका! आपल्याकडे या मुलांसाठी वेगळी रूम आहे, वेगळ्या टीचर आहेत, सगळी सोय आहे!" म्हटलं, रूम बघू तरी. उघडली. आत गॅदरिंगचा थर्माकोलचा किल्ला, तोफेसकट! मनूचा बाक कुठं, तर बुरुजाच्या मागं. आनि टीचर? "त्या दुसऱ्या ब्रँचला असतात. पण आहेत!"

बरं, परीक्षेचं विचारलं. तर म्हनतात, "मनस्वीला रायटर मिळेल. तो पेपर मोठ्यानं वाचून दाखवणार, ती तोंडी उत्तरं सांगणार, तो लिहिणार. सोय आहे!" माझे डोळे भरले हो. हात जोडले. म्हटलं, कधी येनार तो? "तो तुम्ही आणायचा." मी आननार? कुठनं आननार? भाजी हाय काय? "आणि हां, आजोबा, तो आठवीतलाच हवा. मनस्वीपेक्षा कमी शिकलेला. जास्त शिकलेला असला तर स्वतःच्या मनानं उत्तरं लिहील ना!"

म्हटलं, बरोबर हाय, नियम हाय. गाव पालथं घातलं, नव्या टॉवरांच्या लिफ्टमधनं वरखाली केलं. आठवीतली पोरं ढिगानं! पन दार उघडनारी प्रत्येक आई काय म्हनते? "काका, त्याच टायमाला आमच्या निशांतचा पेपर नाय का?" आता सांगा! आठवीतलं पोर पायजे, आनि आठवीची परीक्षा त्याच टायमाला! मॅडमला विचारलं, मग आनायचं कुठनं? मॅडमनी डोळे मिटले, लय विचार केला, आनि म्हनाल्या, "पण सोय आहे."

शेवटी देव पावला! वरच्या खोलीतल्या भाडेकरूची, धनाजीची पोर, अबोली. पालिकेच्या शाळेत आठवीला, तिची परीक्षा नंतर. आवाज घंटेसारखा. दोघी माझ्या ओट्यावर सरावाला बसल्या, अबोली वाचते, मनू फटाफट उत्तर देते, आनि हसते हो! अभ्यासाला बसून हसताना पहिल्यांदा बघितली. म्हनाली, "आजा, या टायमाला मी पास. नायतर शाळा सोडली, सांगून ठेवते."

आनि इथं माझी बुद्धी फिरली. पेपराच्या आदल्या दिवशी माझ्या पुतन्याची हळद. आमच्या आगऱ्यांकडची हळद म्हंजे अख्खं गाव मांडवात, आनि डीजे असा की टॉवरवाले पोलिसांना फोन लावतात. आता जी पोर माझ्या मनूसाठी लिहिनार, तिला मान नको द्यायला? आमच्यात रीतच तशी. फुडं बसवली, गजरा माळला, करवली केली. ती साताऱ्याकडची, बिचारी कोपऱ्यात लाजून उभी. तर मीच म्हटलं, मीच हो... "लाजतेस कशाला, बाय? काढ आवाज!" काढला. म्हाताऱ्यांबरोबर लग्नाची धवल्यांची गानी गायली, पोरींबरोबर डीजेपुढं किंचाळली, वरनं बर्फाचं सरबत...

सकाळी अबोलीनं तोंड उघडलं, आवाज नाय! नुसती फुसफुस. हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळन्या झाल्या, लवंग झाली... रुसल्यासारखा गेलेला आवाज असा येतो का?

तशीच दोघींना त्या किल्ल्याच्या खोलीत पेपराला सोडली. आनि मी उन्हात उभा, तर शिपाई बोलवायला आला. आत गेलो. अबोली मनूच्या कानात पेपर वाचतेय, तर पेपरावर देखरेखीला ठेवलेले राजवर्धन सर उभे. "कानात बोलायचं नाही! ती कॉपी धरतात. मोठ्यानं वाचा." मोठ्यानं कुठनं वाचनार? मग पोरीनं हातानं दाखवलं, डोंगर असा, उंच, लांबच लांब... मनूला कळलं की! "सह्याद्री!" तर सर म्हनतात, "खाणाखुणा बंद!" अहो सर, खोलीत दोघीच, कॉपी करनार कुनाची? तोफेची?

तेवढ्यात क्षिप्रा मॅडम आल्या. म्हटलं, मॅडम, वाचायला दुसरा मानूस चालंल का? तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "आजोबा, तुमचं शिक्षण किती?" काहीच नाय. "आठवीपेक्षा कमी?" पहिलीपेक्षा कमी! "मग तुम्ही नियमात बसता!" तुमाला सांगतो, उभ्या जल्मात माझ्या न शिकन्याचा कुनाला एवढा आनंद झाला नसंल. मला खुर्ची दिली. पंखा माझ्याकडं फिरवला. पेपर हातात दिला.

मी पेपराकडं बघतोय. मनू माझ्याकडं बघतेय. अबोलीनं हात फुडं केला आनि पेपर माझ्या हातात हळूच फिरवून सुलटा केला.

सर म्हनाले, "वाचा की, आजोबा." काय वाचू? मला तर कोलंबीसुद्धा दिसली नाय हो...

घंटा झाली. पेपरावर मनूचं नाव, आनि एक सह्याद्री. सरांनी अबोलीच्या नावाफुडं शेरा मारला, तिला आता बसू देनार नायत. आनि क्षिप्रा मॅडम गेटापरेंत सोडायला आल्या, तेवढ्याच गोड. "टेन्शन घेऊ नका हं, आजोबा. उद्याच्या पेपरला दुसरा रायटर आणा. सोय आहे!"

 घराशी आलो तेव्हा मनूनं दप्तर माझ्या हातात ठेवलं. "घे, आजा. तुला खोल्यांचे कागद ठेवायला होईल." आनि आत गेली, दार लोटून घेतलं.

मी ओट्यावर बसलो, दप्तर धरून. शेजारची गोजरा तिच्या ओट्यावर सुकट निवडत होती, तिला सगळं सांगितलं, आत्ता तुमाला सांगितलं तसं, पहिल्यापासनं. तिनं सगळं आयकून घेतलं, मांजराला एक बोंबील टाकला आनि म्हनाली,

"पंढरीदादा, उद्या सकाळी जा आनि पयलीत नाव घाल. घाई नको करू. तू आठवीला पोचशील तवर आपली मनू हायच की नववीत."