शेवटच्या शिट्टीआधी

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक मुलगी पक्षाघात झालेल्या वडिलांवर भडकली होती.

“दहा मिनिटांत बाहेर आलात, बाबा?”

“पाय उचलत नाही. बास झालं.”

“तुमच्या फुटबॉल टीमनं पाच गोल खाल्ले होते. मी सात वर्षांची, तुमच्या शेजारी प्रेक्षकांत थंडीनं नुसती कुडकुडत होते. घरी जाऊ म्हटलं, तेव्हा काय म्हणालात?”

“शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही.”

“चाळीस वर्षं हरणाऱ्यांसाठी तेच केलंत. मग आज काय झालं?”

“अगं, तेव्हा धावत होते ते. मी नुसता बसायचो.”

“मग आज मी बसते. तुम्ही जा आत.”

“आणि पडलो तर?”

“ते पडायचे तेव्हा तुम्ही ज्या शिव्या घालायचात, त्या सगळ्या मला पाठ आहेत.”