तीन पांढरे डबे आणि एक गुंता

बसा, बसा. मी उभी राहिले म्हणून तुम्ही कुणी उठू नका. माझे गुडघे मला फार वेळ उभं ठेवणार नाहीत.

आमच्या दिनूभाऊजींच्या शोकसभेला मयूर विहारातली आपली सगळी मराठी घरं या हॉलमध्ये आली आहेत. शेजारचे खन्नासाहेबही आलेत. त्यांना माझं बोलणं अर्धंच कळेल, पण त्यांच्या कामाचं आहे, म्हणून कुणीतरी त्यांना समजावून सांगा.

मला भीती वाटते आहे. तुमची नाही. माणसांना मी कधी घाबरले? जे सांगायचंय त्याची भीती वाटते. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हे माझ्या नातीनं, ईशानं, उतरवून घेतलंय. मी काही गाळलं तर ती मागून सांगेल. तसं मी तिला बजावलंय.

दिनूभाऊजी माझे धाकटे दीर. आयुष्यभर आमच्याच घरात राहिले. लग्न केलं नाही. म्हणायचे, ‘वहिनी, एका घरात एकच साहेब पुरे, आणि ती जागा तुम्ही भरलीत.’ सरकारी नोकरीत फायली सांभाळल्या, रिटायर झाले, आणि मागच्या बाल्कनीत बियर बनवायला बसले. मी म्हटलं, ‘लोक रिटायर होऊन तीर्थाला जातात, भाऊजी.’ म्हणाले, ‘मी तीर्थ घरीच करतोय.’

पण काम बघा त्यांचं. जव किती, पाणी किती, सगळं रजिस्टरात. आणि त्यांचा जीव अडकायचा तो बारीकसारीक जिनसांत. ते म्हणायचे, जव चुकला तर बियर बिघडते, चिमूट चुकली तर माणूस बिघडतो. धणे, संत्र्याची साल, ते मी नाकानं ओळखते. पण तीन डबे होते पांढऱ्या पावडरचे. एक पाण्यात घालायची. एक म्हणजे बियर आंबवणाऱ्या यीस्टचं खाणं. आणि तिसरी बाटल्या धुवायची, ती पोटात जाऊ द्यायची नाही. तिघी दिसायला सख्ख्या बहिणी.

मग भाऊजींचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण स्वतःचं अक्षर स्वतःला दिसेना. ज्याला वाचता येतं त्याला दिसत नाही, आणि जिला दिसतं तिला वाचता येत नाही. असं आमचं ऑफिस. मी म्हटलं, डबे मी सांभाळते. डब्याच्या गळ्याला दोरा बांधला. पाण्याच्या पावडरला एक गाठ, यीस्टच्या खाण्याला दोन, धुवायच्या पावडरला तीन. भाऊजी बोटांनी चाचपायचे आणि म्हणायचे, ‘बिल्कुल सरकारी काम.’

एकदा मी विचारलं, ‘आणि मलाच आठवलं नाही तर?’ ते म्हणाले, ‘मग दोऱ्याचा गुंता करून बांधा. गुंता म्हणजे माहीत नाही. वहिनी, माहीत नाही हीसुद्धा नोंद असते. ती लपवायची नाही.’

हे नीट ऐका. मी त्यांना हो म्हटलं होतं.

दिवाळीआधी सूनबाईनं घर आवरलं. तिचा काही दोष नाही, इथं कुणी तिच्याकडे बघू नका. तिनं ते कळकट डबे काढले, सगळं काचेच्या एकसारख्या बरण्यांत भरलं, वर छापील इंग्रजी चिठ्ठ्या लावल्या. म्हणाली, ‘आई, आता किती छान दिसतंय ना?’ दिसत होतं. मीही म्हटलं, अच्छा, छान. दोरे कचऱ्यात गेले होते. कुठल्या बरणीत काय, ते विचारायला काय झालं होतं मला? सत्तर वर्षं अक्षरांशिवाय ऐटीत काढली, आता कुठं सुनेसमोर मान खाली घालू, असं वाटलं असेल. आणखी काय?

रविवारी भाऊजींनी पातेलं चढवलं. म्हणाले, ‘वहिनी, दोन गाठींचं द्या.’

तीन बरण्या समोर. तिन्ही पांढऱ्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी मधली उचलली.

ते नेहमी आधी चिमूटभर जिभेवर ठेवायचे. ठेवली. म्हणाले, ‘आज जरा तुरट लागतंय.’

मी म्हटलं, ‘जुनं झालं असेल.’

त्यांनी चमचाभर पातेल्यात टाकलं. माझ्यावर विश्वास ठेवून टाकलं.

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते उठले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय होतं. मी त्यांना विचारलं, चिमूटभर पावडरीनं काही होतं का? ते म्हणाले, ‘कुछ नहीं होता, अम्माजी.’ पण कसली पावडर, ते मी सांगितलं नाही. मलाच कुठं ठाऊक होतं? तेव्हापासून मी जेवायला बसते आणि माझीच जीभ तुरट होते. तुम्ही म्हणाल, आजी, असं काही नसतं. नसेल. मला माहीत नाही.

आता मुद्द्यावर येते. खन्नासाहेब काल घरी आले. प्लॅस्टिकच्या मोठ्या कॅनमध्ये भाऊजींची त्या रविवारची बियर आंबते आहे. ते म्हणाले, ‘दिनूभाई की आखिरी बियर है. तेरहवीं के बाद सब एक-एक घूँट लेंगे.’ तेराव्यानंतर सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा, हे सगळ्यांना पटलं. मुलांनी पेलेसुद्धा मोजले. मी तिथंच बसले होते, आणि पुन्हा गप्प बसले.

म्हणून आज बोलते आहे. ती बियर कुणी प्यायची नाही. एक घोटही नाही, आठवण म्हणूनही नाही. सकाळी मी त्या कॅनच्या गळ्याला दोरा बांधलाय, आणि त्याला गाठ नाही, गुंता आहे. घरी गेल्यावर ईशा तो कॅन मोरीत ओतेल आणि मी शेजारी उभी राहीन. आणि त्या तिन्ही बरण्या डॉक्टरांकडे घेऊन जाईन; चिठ्ठ्या ईशा वाचेल, पण बरण्यांच्या जागा हलल्यात, मधली कुठली ते आता मलाच सांगता येत नाही. ते काय सांगतील, याची मला सगळ्यांत जास्त भीती आहे. तरी जाईन.

आता दोन मिनिटं आपण सगळे गप्प राहू या. मीही राहीन, पण त्या रविवारसारखी नाही.

भाऊजी, नमस्कार करते. मधल्या बरणीत काय होतं, मला माहीत नाही. नोंद करून घ्या.