अंथरुणांच्या खोलीतलं विद्यापीठ

चपला राहू द्या हो दादा, आत या आधी — आणि दार नुसतं लोटू नका, कडी घाला. नेटचा डबा तिकडे, टीव्हीमागे. हिरवा दिवा गेलाय बघा. किती वेळ लागेल? नाही, घाई अशी नाही — आमच्या यांचं ऑफिसचं काम असतं ना. काय? आत कोण आहे? रेडिओ चालू आहे — आता रेडिओ कुठला, तुम्हालाही ऐकू येतंय, रडतेय ती. धाकटी माझी. हो, तीच, परदेशात शिकायला गेलेली.

अहो, पळून नाही आली, नापासही नाही झाली! विद्यापीठानं वर्ग ऑनलाइन केले, वसतिगृह रिकामं करा म्हणाले — परक्या मुलखात एकटी पोर राहणार कुठे? आली घरी. यात लाजायचं काय? काहीच नाही. मग मी लपवली का? तेच तर! ती गेली तेव्हा अख्ख्या इमारतीत मिरवलं मी. आणि समोरच्याच दारात आमच्या जाऊबाई. त्यांचा मुलगा तिकडून शिक्षण अर्धवट टाकून आला, तेव्हा मी याच तोंडानं, चारचौघींत म्हटलं होतं — झेपायला पाहिजे ना! आता माझीच मुलगी बॅग घेऊन दारात म्हटल्यावर काय करू? सगळे झोपेत असताना घरात घेतली. म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न, वर्ग उघडले की गुपचूप जाईल परत. ते मेले उघडायचं नावच घेईनात.

मग काय, अंथरुणांच्या खोलीत तिचं विद्यापीठ. खिडकी बंद — माझ्यामुळे. पंखा बंद — त्याची घरघर वर्गात ऐकू जाते म्हणे. तिथल्या पोरांची सकाळ ती हिची झोपायची वेळ, जांभया दाबत बसते बिचारी. कपडे तिचे मी आतच वाळवते, चादरीखाली. जरा हसली की मी धावलेच — हळू गं! तिकडून सर म्हणतात मोठ्यानं बोल, इकडून आई म्हणते कुजबुज. सरांना वाटलं, हिला काही येतच नाही. तसं कळवलंसुद्धा त्यांनी. तरी पोरीनं मला एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही.

आज तोंडी परीक्षा तिची. ही गेली की वर्ष गेलं. मला म्हणाली, आई, आज मी कुजबुजणार नाही. आणि काय बोलत होती दादा, खणखणीत! मला ओ की ठो कळत नव्हतं, पण ऊर भरून आला. तेवढ्यात बेल. जाऊबाई, साखर मागायला. आवाज कुणाचा म्हणून मान लांब करून आत बघायला लागल्या — आणि मी —

उंदीर नाही हो, तक्रार देताना फोनवर तसं म्हटलं खरं. उंदरानं कुरतडल्यावर असं दिसतं का, तुमचं तुम्हालाच कळतंय. मी ओढली वायर. हिसकाच दिला, पिनच तुटली. आवाज बंद. जाऊबाई गेल्या. ही बाहेर येऊन म्हणते, आई, नेट आत्ताच जायचं होतं का गं? मी म्हटलं, मेले धड चालू ठेवतच नाहीत. तुम्हाला शिव्या घातल्या, राग मानू नका. फोनवरून कसाबसा निरोप धाडला तिनं, सर थोडा वेळ थांबतो म्हणालेत. तेवढी जोडून द्या — आणि तिला सांगा, बिघाड बाहेरच्या लाइनमध्ये होता. सांगाल ना? लाज वाटते हो मला. जाऊबाईंची नाही आता, तिची. आईनं असं करावं?

माझ्या मागे काय बघताय?

अगं… कधीची उभी आहेस तू? हे बघ, जोडतायत दादा, झालंच — कडी का काढतेस? रेंज जिन्यात येते म्हणून जिन्यात? अगं, समोरचं दार उघडं आहे! निदान हळू —

फोनवरच सुरू केलं तिनं. ऐकताय? जिनाभर घुमतोय आवाज. त्या बघा, जाऊबाई आल्याच बाहेर.

राहू द्या ती वायर. जा तुम्ही — नको, थांबा, तिच्या मागून गेलात तर कॅमेऱ्यात दिसाल. बसा इथेच. बोलू नका काही. मीही गप्प बसते.