भाऊबीजेचं इमान

मांगच्या दिवाळीची गंमत आयका. पुण्याहून नात फोनवर रडून राह्यली, "आजी, विमानाचं तिकीट लय महाग झालं. मी भाऊबीजेले नाई येत."

तिचा भाऊ इकडं बाजेवर लोळत म्हणे, "नको येऊ मंग."

म्या त्याले म्हटलं, "अरे, भाऊबीजेले भाऊ जाते बहिणीकडं! समदे तिकडून इकडं येऊन राह्यले, तं नागपूरहून जाणारं इमान रिकामंच असन. पाह्य बरं!"

त्यानं मोबाइलमधी पाह्यलं. तिकीट निम्मं होतं! पोट्ट्याचं तोंडच उतरलं.

"आजी, मले इमानाचं भेव लागते. तूबी चाल."

दोघंबी गेलो. नातीनं ओवाळता ओवाळता इचारलं, "दादा, वरून काय दिसलं?"

म्हणे, "आजीचा पदर."