पाटीलकाकांची पुडी

आमच्या शिरगावच्या सोसायटीतले पाटीलकाका स्वतःला फार शहाणे समजतात. परवा एक डॉक्टरीणबाई शुगरच्या नव्या औषधाची चाचणी कशी होते ते साध्या भाषेत समजवायला आमच्या गच्चीवर आल्या. म्हणाल्या, "आधी थोड्या लोकांना औषध देतो, त्यांच्यावर नीट लक्ष ठेवतो. तुमची मर्जी असेल तरच. नको वाटलं तर कधीही सोडा."

काका ताडकन उठले. "आम्ही काय उंदीर वाटलो का तुम्हाला?" म्हणाले आणि निघून गेले.

मी खाली उतरलो, तर गेटवर काकांनी माझ्या हातात एक पुडी कोंबली. "शुगरवर एक नंबर. कॅम्प चारमधल्या एका वैदूकडून आणलीय."

"तुम्ही घेता?"

"छे. आधी तुम्हा शुगरवाल्यांना वाटतोय. तुम्हाला काय होतंय ते बघतो, मग घेईन."

त्या बाईंनी निदान विचारलं तरी होतं.