वरच्या नाल्यातली बाळंतीण

— नाही, बसा तुम्ही, उन्हाचे आले, पाणी प्या. पण अस्वलाचं मले विचारू नका, साहेब. आमच्या रानात आता अस्वल नाही. मागच्या साहेबानंही असंच विचारलं होतं, ह्याच बाजेवर बसून — तुमच्याच प्राणी संस्थेचा होता. किती गोड बोलला. संस्था इंग्रजाच्या वख्ताची, म्हणे — पहिले कातडी सोलून पेंढा भरून ठेवत, मंग शहाणे झाले, जितं जनावर राखू लागले. आता महाराष्ट्र झाला, तर सातपुड्यातली शिकार बंद करा म्हणून सरकारच्या मागं लागलो, म्हणे. मले खरं वाटलं. काऊन नाही वाटणार? सातवी शिकली मी, राखणं म्हणजे काय एवढं समजते. हा तवा पोटात होता — थांब रे, पदर नको ओढू — अन् पोटुशा बाईले कोणी खोटं सांगते का? त्यानं विचारलं, व्यालेली अस्वल पिलांपासून दूर कवा जाते? मी म्हटलं, दिवस बुडता बोरं खायले जाते. मले वाटलं, फोटो काढत असन.

पिलं घेऊन गेला. दोन्ही. पोत्यात घालून, जीपमधी.

मंग तिनं काय केलं, ते पाहायले नाही आले तुम्ही. दिवसाढवळ्या गावात शिरे, दारोदार हुंगत. माझ्या चुलत दिराचं, उकंडरावाचं, तोंड फाडलं तिनं — मंग लोकांनी कुऱ्हाडीनं संपवली. पान्हा होता हो तिले. मी पाह्यला. त्याच राती मले कळा सुटल्या, अन् हा दिवस भरायच्या आधीच झाला. अजून निजला की ह्याच्या छातीवर हात ठेवून पाहते मी, श्वास चालू आहे का नाही.

काय म्हणता — पिलं प्राण्यांच्या बागेत सुखात होती? होती म्हणजे? ... एक मेलं. हं. अन् उरलेल्याले जोडी पाहिजे, वंश टिकला पाहिजे, म्हणून तुम्ही आले. म्हणजे आमच्या रानातला वंश तोडून तुमच्या पिंजऱ्यात टिकवता. अन् शिकार? बंद झाली? मांगच्या पंधरवड्यातच बंदुकीवाले परवाना दाखवून गेले.

राखणं आमाले नका शिकवू, साहेब. आमची संस्था नाही, का बोर्ड नाही. पण अस्वल व्याली की आमी तिले बाळंतीण म्हणतो. पिलं पाठीवर बसून बाहेर निघत नाहीत तवलोक त्या बाजूले कोणी कुऱ्हाड नेत नाही, लेकरांचा गलका नाही, काही नाही. आता आजचंच पाहा, सरपण पार खालच्या रानातून आणलं मी, ह्याले कडेवर घेऊन, मान मोडून गेली — अन् वरच्या नाल्यात एवढी वाळली लाकडं पडली असून —

...

तिकडं काय पाहून राह्यले?

नाही, तसं काही नाही, तिकडं काटे लई आहेत म्हणून — साहेब, बूट नका घालू. बसा ना. चहा ठेवते. ह्याचे बाबा येतीन आता, त्यायले विचारा. साहेब, माह्या तोंडाकडं पाहा, मी काही म्हटलं नाही.

मी काहीच म्हटलं नाही.