कापसाच्या खोलीतला बल्ब

हॅलो? … हाव, मीच, इंदू. बोला, आशिषचे बाबा. … अहो, दवाखान्याच्या जिन्यात उभी हावो, म्हणून आवाज घुमून राहिला. नागपूरचे दवाखाने असेच असतात.

सुनबाई बरी हाय. स्नेहानं सकाळी चहा-टोस बी खाल्ला. … नात बी बरी हाय. … झोपली हाय. … आता कसा आवाज ऐकवू? झोपल्या लेकराले तुमच्यासाठी रडवू काय? … आशिष खाली औषध आणाले गेला. आला का सांगते त्याले फोन लावाले. तुमी काहून केला, ते सांगा.

काय आलं? … पिल्लं? कोंबडीचे? आजच? … अहो, ते तर पुढच्या हप्त्यात येणार होते. बचत गटाच्या वैशालीनं मले तसंच सांगतलं होतं. … हाव, हाव, नाव मीच दिलं होतं, मी कुठी नाई म्हणून राहिली? पण तवा कोणाले मालूम का बाळंतपण एवढं लवकर… … काई नाई. होते कोणाकोणाचं लवकर.

बरं, ठेवले कुठी? … बाहेरच्या उघड्या सपरीत नाई ना? पौषाची थंडी हाय, तिगावच्या टेसनाकडून वारा सरळ आपल्या घरात येते. आन् मुंगूस फिरते ते निराळंच. … रांधणीत बी नको. धूर लागते त्याईले, आन् शेजारच्या शालिकराम भाऊजीची मांजर दिवसभर आपल्याच चुलीपाशी बसते. … न्हाणीत? अहो, ओल हाय तिथं. सकाळपर्यंत एक नाई वाचणार.

… नाई. ते खोली नाई. … नाई म्हटलं ना. ते बाळंतिणीची खोली हाय. मी सारवली, खिडकीले पोतं ठोकलं, उंदराचं बीळ बुजवलं, बाज नवी विणून घेतली, आन् तुमी तिथं कोंबड्या घालता? धूळ उडते, पिसं उडतात, तान्ह्या लेकराच्या छातीत जातात. … मालूम हाय मले का तेच चांगली खोली हाय. चांगली हाय म्हणूनच नातीसाठी ठेवली.

काय म्हणता? व्यवस्था झाली? मंग मले काहून इचारून राहिले? … संत्र्याच्या खोक्यात. हे बरं केलं. खाली काय टाकलं, कोंडा? … कापूस? … मऊ लागते म्हणून? आशिषचे बाबा, जिंदगी गेली तुमची कापूस-पऱ्हाटीत. कापसाचा धागा पायाले गुंडाळला का पिल्लू लंगडं होते, एवढं बी… … बरं, बरं. काढा तो. पेपर टाका, त्याच्यावर कोंडा.

बसले कसे हायेत? एकावर एक गोळा होऊन? … कोपऱ्याकोपऱ्यात पांगले? चोची उघड्या? मंग गरमी जास्त होऊन राहिली. बल्ब वर घ्या. … मले कसं मालूम म्हणजे? सकाळपासून तेच पाहून… जाऊ द्या ना. कोणता बल्ब लावला? … तो मोठा पिवळा? हात लावला का चटका बसते, तो? … आन् टांगला कुठी?

अहो, कोणत्या खोलीत?

… पुन्हा सांगा. … कापसाच्या खोलीत?

… अहो, त्या खोलीत आपण कोणाले विडी पेटवू देत नाई. मामाजीनं तिथली लाईन कापून टाकली होती, कायले कापली होती? … ऊब असते, मालूम हाय का ऊब असते. … सपरीतून वायर ओढला? … आन् खोकं? … ढिगावर. कापसाच्या ढिगावर बल्ब लावून ठेवला.

तुमी आता कुठी हा? … अंगणात? … पिल्लं लय ओरडतात, ऐकू येत नाई, म्हणून बाहेर आले? आन् दार लोटून आले? … पळा. … इचारू नका काई, पळा. फोन कापू नका, हातात ठेवा. पहिले सपरीतला प्लग काढा. … पाणी नाई, प्लग. प्लग काढल्याबगर पाणी टाकू नका. … काढला? … मंग दार उघडा. … कशाचा वास? … अहो, कशाचा?

हॅलो? … हॅलो? … शालिकराम भाऊजीले हाक मारा. … आशिषचे बाबा? … हॅलो…

नाई, नाई, सिस्टर, तुमाले नाई म्हटलं. घरचा फोन हाय. आलीच मी. … पेटीत समदं ठीक हाय ना? … बरं. आलीच.

हॅलो. … हाव, ऐकू येऊन राहिलं, बोला. … धूर होता? जाळ नव्हता ना? … वायरच्या जोडापाशी कापूस काळा पडून धुमसून राहिला होता. … हातानंच उचलून अंगणात फेकला? भाजलं किती? … खोटं नका बोलू. … थंड पाण्यात धरा हात. आन् ढीग उपसून पाहा, आत इस्तो दडून राहते, दिसत नाई आन् मंग एकदम पेट घेते. … शालिकराम भाऊजी उपसून राहिले? बरं झालं. समदा ढीग पाहिल्याबगर त्याईले उठू नका देऊ.

आन् पिल्लं? … खोकं बी बाहेर काढलं? समदे जिते हायेत? … … नाई, रडून नाई राहिली. जिन्यात थंडी हाय.

… अजून अंगणातच? अहो, थंडीनं जातील ते. … कुठी म्हणजे? बाळंतिणीच्या खोलीत ठेवा. … हाव, मीच म्हणून राहिली. बाजेपाशी प्लग हाय. खोकं कोपऱ्यात ठेवा, खाली पेपर-कोंडा, आन् बल्ब हातभर वर बांधा. सुतळीनं नाई, तारेनं.

… नात येईल तवा येईल. … नाई, परवा नाई येत ते. … नाई येत म्हणजे नाई येत.

… आशिषनंच म्हटलं होतं, बाबाले सांगू नको म्हणून. तुमी घरी एकटे, बीपीवाले. … पहिले खाली बसा. बसले? … लय लहान हाय हो ते. दिवस भरायच्या पहिले आली, अंगात ऊब धरत नाई तिच्या. काचेच्या पेटीत ठेवली हाय. वरतून गरमी सोडतात. जरा कमी झाली का हातपाय थंडे पडतात, जरा जास्त झाली का लाल होते. … श्वास घेते ना, आपला आपला घेते. मी काचेच्या बाहेर उभी राहून तेच पाहत असते. … डॉक्टर म्हणते, वजन धरलं का देतो. केव्हा धरते, ते नाई सांगत. … भेव लागते मले. लय भेव लागते.

… अहो, उठून कुठी निघाले? … तुमच्याकडून चिवचिव येऊन राहिली. … नेले खोलीत? … आता कसे बसले? … जवळजवळ, पण एकावर एक नाई? … मंग बरोबर हाय. तेवढीच ऊब पाहिजे.

आज तिथंच झोपा, बाजेवर. … नवी हाय तर असू द्या. त्याईच्याजवळ कोणी पाहिजे. लाईन गेली तर गोधडी झाका, हवेले जागा ठेवून. … अठी नाई जात लाईन, जनरेटर हाय.

आली, सिस्टर, आली. … अहो, बलावून राहिले, ठेवते. तिकडला बल्ब तुमी पाहा. अठी मी उभी हावो.